पाऊस सुरू झाला की ड्राइव्ह पीएलसीशी बोलेनासे होतात: मॉडबस लाइनवर पुन्हा पुन्हा येणारा फॉल्ट

डिचोलीजवळच्या एका काजू कारखान्यात दोन पावसाळ्यांत मिळून पीएलसीचे (यंत्रांना आदेश देणाऱ्या औद्योगिक संगणकाचे) कम्युनिकेशन कार्ड तीनदा बदलले गेले. तिसऱ्यांदा काढलेले कार्ड मी घरी आणले, टेबलावर एका सुट्या ड्राइव्हला अर्ध्या मीटरच्या वायरीने जोडले आणि रात्रभर चालू ठेवले. सकाळी काउंटर पाहिला तेव्हा दोन लाखांहून अधिक संदेश गेले होते आणि त्यांत एकही चूक नव्हती. मग आधीची दोन कार्डेही खोक्यातून काढून तशीच तपासली, तर तीही ठणठणीत निघाली. म्हणजे कारखान्याने तीन निरोगी कार्डांचे पैसे मोजले होते आणि मूळ दुखणे जागच्या जागी होते.

हा फॉल्ट कसा सापडला ते येथे सविस्तर लिहीत आहे, कारण कुंडई आणि वेर्णा येथील औद्योगिक वसाहतींतही मी हाच प्रकार थोड्याफार फरकाने पाहिला आहे. लाइन बंद पडते, कोणीतरी काहीतरी काढून परत लावतो, लाइन चालू होते, आणि ज्या वस्तूला हात लागला तीच खराब होती असा सर्वांचा समज होतो. प्रत्यक्षात त्या काढण्या-लावण्यात आणि स्क्रू आवळण्यात कुठल्यातरी टर्मिनलावरचा गंज खरवडला गेलेला असतो, आणि तो पुन्हा चढेपर्यंतच कारखान्याला उसंत मिळते.

प्रथम मांडणी सांगतो. येथे ड्राइव्ह म्हणजे इन्व्हर्टर, पण वीज गेल्यावर घरातला पंखा चालवणारा तो नव्हे. मोटरची गती कमी-जास्त करणारा, ज्याला कारखान्यात सगळेच ड्राइव्ह म्हणतात, तो. बॉयलर खोलीतील मुख्य पॅनेलमध्ये पीएलसी आणि तीन ड्राइव्ह आहेत (लाइनवर प्रत्येक ड्राइव्हला एक स्टेशन नंबर असतो): स्टेशन १ बॉयलरच्या पंख्याचा, स्टेशन २ काजू बी वर चढवणाऱ्या एलिव्हेटरचा आणि स्टेशन ३ पाण्याच्या पंपाचा. तेथून कम्युनिकेशन केबल भिंतीबाहेर पडते, पत्र्याच्या वळचणीखालून सुमारे ६० मीटर जाते, वाटेत एका जंक्शन बॉक्समध्ये जोडली जाते आणि गर वाळवण्याच्या शेडमधील दोन ब्लोअरच्या ड्राइव्हपर्यंत, म्हणजे स्टेशन ४ आणि ५ पर्यंत, पोहोचते. सगळे काम आरएस-४८५ (वायरींवरून सिग्नल नेण्याचे विद्युत मानक) वर, मॉडबस आरटीयू (संदेश कसा लिहायचा त्याची) पद्धतीने, ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट), इव्हन पॅरिटी (चूक पकडणारा जादा बिट) आणि एक स्टॉप बिट (बाइट संपल्याची खूण) या सेटिंगवर चालते. मॉडबस ही मॉडिकॉन कंपनीने १९७९ साली आणलेली पद्धत आहे आणि आरएस-४८५ हे मानक १९८३ चे आहे. दोन्ही जुनी, साधी आणि सोशिक आहेत, त्यामुळे ती सहसा दगा देत नाहीत, असे धरून शोध सुरू करावा.

तक्रार अशी होती की जूनमध्ये पाऊस लागला की एखाद्या सकाळी स्क्रीनवर पाचही ड्राइव्ह लाल दिसत, बॉयलरचा पंखा कम्युनिकेशन लॉसवर (संदेश तुटल्यामुळे) ट्रिप होई, म्हणजे आपोआप बंद पडे, आणि भट्टीच्या दारातून धूर मागे येई. तेथील जुने वायरमन काका मला म्हणाले, "बाब, पाऊस पडला की कार्ड जातंच. एक जादा मागवून ठेवा." त्यांच्या बोलण्याचा पहिला अर्धा भाग पूर्णपणे बरोबर होता. आम्ही सर्वांनी मिळून दुसरा अर्धा भागच ऐकला.

पाचही स्टेशने एकदम गेली, म्हणजे पाचांना जोडणारी वस्तू गेली, हा तर्क सरळ वाटतो आणि तोच येथे चुकला. याचे कारण समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागतो. इव्हन पॅरिटीसह एका बाइटला ११ बिट लागतात, म्हणून ९६०० बॉडवर एका बाइटला १.१५ मिलिसेकंद लागतात. वाचण्याचा आदेश ८ बाइटांचा, म्हणजे सुमारे ९ मिलिसेकंद. दोन रजिस्टरांचे (ड्राइव्हमधील आकडे ठेवण्याच्या कप्प्यांचे) उत्तर ९ बाइटांचे, म्हणजे सुमारे १० मिलिसेकंद. दोन फ्रेममध्ये (आदेश किंवा उत्तर म्हणजे एकेक फ्रेम) साडेतीन अक्षरांइतकी, म्हणजे ४ मिलिसेकंदांची, सक्तीची शांतता आणि ड्राइव्हला विचार करायला लागणारा वेळ, असे सगळे धरून एका संदेशाला ४० मिलिसेकंद लागतात असे मानू. प्रत्येक ड्राइव्हला एक वाचन आणि एक लेखन असे दोन संदेश, म्हणजे पाच ड्राइव्हचा फेरा सुमारे ४०० मिलिसेकंदांत पूर्ण होतो. प्रत्येक ड्राइव्हमध्ये दोन सेकंद संदेश आला नाही तर ट्रिप व्हावे असे सेटिंग होते, म्हणजे पाचपट मोकळीक होती.

आता स्टेशन ४ आणि ५ उत्तर देत नाहीत असे समजा. पीएलसी प्रत्येक संदेशाच्या उत्तरासाठी ३०० मिलिसेकंद थांबत असे आणि उत्तर आले नाही तर आणखी दोनदा विचारत असे. दोन स्टेशने, प्रत्येकी दोन संदेश, प्रत्येकी तीन प्रयत्न आणि प्रत्येक प्रयत्नाला ३०० मिलिसेकंद, असे ३६०० मिलिसेकंद पीएलसी नुसता मुक्या स्टेशनांपुढे ताटकळत उभा राहतो. तोवर धडधाकट असलेल्या १, २ आणि ३ या ड्राइव्हना साडेतीन सेकंदांहून अधिक काळ कोणी विचारलेलेच नसते, त्यांचे दोन सेकंद संपतात आणि तेही कम्युनिकेशन लॉस दाखवून बंद पडतात. आजारी दोनच होते. बाकीचे तीन वाट पाहून पडले. एकच ड्राइव्ह देखभालीसाठी बंद केला तरी हा फेरा २१०० मिलिसेकंदांवर जातो, म्हणजे दोन सेकंदांची मर्यादा निसटती का होईना ओलांडली जाते. "ब्लोअरचा एमसीबी पाडला की बॉयलरचा पंखा कधीकधी बंद पडतो" ही कारखान्यातील जुनी, हसण्यावारी नेलेली तक्रार या हिशेबाने एकदम खरी ठरली.

म्हणून पहिले काम हार्डवेअरला हात लावण्याचे नाही, तर पीएलसीच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक स्टेशनसाठी तीन वेगळे काउंटर टाकण्याचे आहे: उत्तरच आले नाही त्याचा एक, उत्तर आले पण सीआरसी (संदेशाच्या शेवटी जोडलेला पडताळणीचा आकडा) जुळला नाही त्याचा एक, आणि ड्राइव्हने समजून-उमजून नकार दिला त्याचा एक. या तिन्ही चुका बहुतेक प्रोग्रामांत "कम्युनिकेशन एरर" या एकाच दिव्यात कोंबलेल्या असतात, आणि त्यामुळे निदान अर्धे तेथेच अडते. उत्तर न येणे म्हणजे तुटलेली वायर, चुकलेला स्टेशन नंबर किंवा बंद ड्राइव्ह. सीआरसी न जुळणे म्हणजे आवाज पोहोचतो आहे पण फाटका: मोटरच्या केबलचा उपद्रव, मरगळलेले सिग्नल, किंवा एकाच नंबराचे दोन ड्राइव्ह एकदम बोलत आहेत. नकार आला असेल तर मात्र खरे म्हणजे आनंद मानावा, कारण नकार येण्यासाठी आदेश शाबूत पोहोचावा लागतो आणि उत्तर शाबूत परतावे लागते. वायर, बॉड रेट, पॅरिटी आणि स्टेशन नंबर हे सगळे बरोबर असल्याचा तो पुरावाच असतो.

काउंटरांना पीएलसीच्या घड्याळातील वेळही जोडावी. आमच्याकडे तीन दिवसांत चित्र स्पष्ट झाले. स्टेशन १, २, ३ वर प्रथम चूक कधीच येत नव्हती. दर वेळी ४ आणि ५ आधी मुके होत आणि ते बहुधा पहाटे पाच ते आठच्या दरम्यान, रात्री पाऊस झालेला असेल तर हमखास. म्हणजे दोष जंक्शन बॉक्सपासून पुढे होता, कार्डात नव्हता.

यानंतर मल्टिमीटर घेतला आणि त्यातही मी अर्धा दिवस वाया घालवला, तो कसा ते सांगणे आवश्यक आहे. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो. ते समांतर असल्यामुळे पीएलसीच्या टोकाला दोन वायरींमध्ये सुमारे ६० ओहम दिसले की लाइन शेवटपर्यंत सलग आहे असे समजतात. सर्व पुरवठा बंद करून, ड्राइव्हमधील कपॅसिटर उतरेपर्यंत माहितीपुस्तिकेत दिलेला वेळ थांबून मी मोजले. ही प्रतीक्षा टाळू नये, कारण ४१५ व्होल्ट पुरवठ्यावर ड्राइव्हच्या आत सुमारे ५८७ व्होल्ट डीसी साठलेले असते. मीटरने ६० दाखवले. मी समाधानाने केबल निर्दोष ठरवली आणि शेडमधील ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये डोके घातले.

दुपारी काकांनी जंक्शन बॉक्सचे झाकण काढून आत बोट फिरवले तेव्हा पॅनेलपाशी चुकून लागलेलाच राहिलेला माझा मीटर ६० वरून ४४ वर आला आणि पुन्हा ५७ वर गेला. लाइन सुधारली तर आकडा कमी का व्हावा, याचा उलगडा तेव्हा होईना. मग एकेका ड्राइव्हचे कव्हर काढून पाहिले, तर स्टेशन ३ च्या ड्राइव्हमधील टर्मिनेशनचा, म्हणजे टोकाचा रोधक लाइनला जोडणारा, छोटा स्विच कोणीतरी कधीतरी चालू करून ठेवलेला होता. म्हणजे लाइनवर दोनऐवजी तीन रोधक होते, आणि सगळे नीट जोडलेले असते तर मीटरने ४० दाखवायला हवे होते. मला सकाळी दिसलेले ६० हे पीएलसीचे टोक आणि स्टेशन ३ या दोघांचे होते. पलीकडचे टोक त्यात नव्हतेच. बरोबर दिसणारा आकडा नेमका तुटलेल्या लाइनचा होता.

तेव्हापासून मी एक पडताळणी सोडत नाही. ६० दिसले की शेवटच्या ड्राइव्हवर माणूस पाठवून तेथील टर्मिनेशन स्विच बंद करायला सांगतो. आकडा १२० झाला तर माझा मीटर खरोखर त्या टोकापर्यंत पोहोचला आहे. ६० चे ६० च राहिले तर ते ६० खोटे आहेत.

जंक्शन बॉक्सचे दर्शन काही सुखद नव्हते. पॉलिकार्बोनेटचा बॉक्स चांगला होता, पण केबल वरच्या बाजूने ग्लँडमधून (बॉक्सला केबल आत घेण्यासाठी बसवलेल्या तोंडातून) आत घेतली होती, त्यामुळे पावसाचे पाणी केबलच्या अंगावरून ओघळत थेट ग्लँडच्या तोंडाशी येत होते. झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब धरले होते. प्रत्येक वायरीच्या सात बारीक तारा लग (टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) न लावता नुसत्या पिळून टर्मिनलमध्ये घातल्या होत्या. बाहेर दिसणारा भाग तांबूस होता, पण स्क्रूखालून ओढून काढल्यावर त्यांवर हिरवट-काळी पुटे दिसली आणि नखाने खरवडल्यावर पूड पडली. त्यावर एक तपकिरी चिकट थर होता, कारण बॉयलरमध्ये काजूची टरफलेच जळण म्हणून वापरतात आणि त्या धुरातले तेलकट काजळ जेथे बसेल तेथे चिकटून राहते. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात उघड्या तांब्याला आणखी काय हवे? रात्री बॉक्स थंड होऊन आत दव धरत होते आणि ते सांधे काही ओहमांवरून काहीशे ओहमांवर जात होते. उन्हे वर आली, पत्रा तापला की पुन्हा थोडेफार जुळत होते. दर वेळी कार्ड बदलताना काका लाइनभर सगळे स्क्रू एकदा आवळून घेत, या बॉक्समधलेही. ते आवळणे म्हणजेच खरा इलाज होता, आणि श्रेय मात्र नव्या कार्डाला जाई.

आम्ही तो बॉक्स काढूनच टाकला आणि मुख्य पॅनेलपासून स्टेशन ४ पर्यंत एकसलग, पीळ दिलेल्या जोडीची शील्ड (धातूचे आवरण असलेली) केबल ओढली. सांधा टाळता येत असेल तर टाळणे यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही. जेथे सांधा अटळ आहे तेथे केबल खालच्या बाजूने आत घ्यावी, ग्लँडच्या आधी तिला खाली लोंबणारे वळण द्यावे म्हणजे पाणी त्या वळणावरून ठिबकून जाते, आणि प्रत्येक तारेला पिन लग दाबूनच ती टर्मिनलमध्ये घालावी. डाग देऊन कडक केलेली तार स्क्रूखाली घालू नये. शिसे दाबाखाली हळूहळू चेपते आणि काही महिन्यांत सांधा सैल पडतो.

स्टेशन ३ चा तो जादा रोधक निरुपद्रवी होता असे मात्र नाही. लाइन शांत असते तेव्हा कोणीच बोलत नसते, आणि अशा वेळी धन वायर ऋण वायरीपेक्षा निदान २०० मिलिव्होल्ट वर राहिली तरच ग्राहकाला, म्हणजे सिग्नल ऐकणाऱ्या सर्किटला, शांतता म्हणजे शांतता अशी कळते. हे काम पीएलसीच्या पोर्टमधील बायस रोधक करतात. समजा ५ व्होल्टवर ६५० ओहमचे दोन रोधक आहेत: लाइनवर ६० ओहम असतील तर २२० मिलिव्होल्ट मिळतात, ४० ओहम झाले की १४९ वर येतात, म्हणजे मर्यादेखाली. मग ग्राहक शांततेतही अक्षरे ऐकू लागतो आणि पुढच्या खऱ्या फ्रेमच्या तोंडाला एखादा खोटा बाइट चिकटून सीआरसी बिघडतो. हे तपासायला ऑसिलोस्कोप लागत नाही. पीएलसी थांबवून, पुरवठा चालू ठेवून, मल्टिमीटरने दोन वायरींमधले डीसी व्होल्ट मोजले की झाले.

टर्मिनेशनबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते अनेकांना पटत नाही. ६० मीटरच्या केबलमध्ये सिग्नलला टोकाला आपटून परत यायला सुमारे ०.६ मायक्रोसेकंद लागतात. ९६०० बॉडवर एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा असतो. तो प्रतिध्वनी बिट वाचला जाण्याच्या कितीतरी आधी विरून गेलेला असतो. त्यामुळे एवढ्या अंतरावर आणि एवढ्या गतीवर १२० ओहमचा रोधक नसल्यामुळे लाइन बंद पडली असे मी तरी पाहिलेले नाही. जास्त रोधक लावल्यामुळे बंद पडलेल्या लाइनी मात्र पुष्कळ पाहिल्या आहेत. ११५२०० बॉड आणि शेकडो मीटर असतील तर गोष्ट वेगळी.

सांधा गेल्यावर उत्तर न येण्याचा काउंटर थांबला, पण स्टेशन ४ वर दिवसाला वीस-पंचवीस सीआरसी चुका उरल्या. त्या फक्त बॉयलरचा पंखा चालू असतानाच येत. ड्राइव्ह मोटरला गुळगुळीत साइन लहर देत नाही; सेकंदाला काही हजार वेळा डीसी व्होल्टेज खटाखट तोडून-जोडून ती घडवतो, आणि त्या प्रत्येक झटक्यासरशी मोटर केबलमधून जमिनीकडे थोडा प्रवाह निसटतो. आमची नवी केबल अठरा मीटर अंतर पंख्याच्या मोटर केबलबरोबर एकाच ट्रेमध्ये खेटून गेली होती. ओढणाऱ्याला रिकामा ट्रे दिसला, त्याने त्यात टाकली, आणि तेव्हा माझे लक्ष नव्हते हे कबूल करतो. खात्री करून घेण्यासाठी पंख्याच्या ड्राइव्हची कॅरिअर फ्रिक्वेन्सी (त्या तोड-जोडीची गती) ८ किलोहर्ट्झवरून ४ वर आणली. मोटर थोडी शिट्टी मारू लागली आणि चुका लगेच कमी झाल्या, म्हणजे संशय खरा होता. हा बदल निदानापुरता ठेवून मग केबल ३०० मिलिमीटर दूर वेगळ्या पाइपमधून नेली, जेथे मोटर केबल ओलांडावी लागते तेथे काटकोनात ओलांडली, आणि प्रत्येक ड्राइव्हची अर्थ वायर एकमेकांत गुंफण्याऐवजी स्वतंत्रपणे अर्थबारवर आणली. दुसरी एक चाचणी यापेक्षाही निर्णायक असते: पुरवठा बंद करून आणि कपॅसिटर उतरू देऊन ड्राइव्हवरून मोटरच्या तीन वायरी सोडवाव्यात आणि ड्राइव्ह रिकामाच चालवून पाहावा. काही ड्राइव्ह फेज नाही म्हणून ट्रिप होतात, पण जो चालतो तो जर या स्थितीत निर्दोष बोलला तर उपद्रव मोटर केबलचाच आहे.

दोन वायरींइतकीच तिसरीही महत्त्वाची आहे. आरएस-४८५ ला लोक दोन वायरींची लाइन म्हणतात, पण ग्राहकाला आपल्या शून्यापासून उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट यांच्या आतलाच सिग्नल चालतो, आणि दोन पॅनेलांची शून्ये सारखी असतील याची हमी कोणी दिलेली नसते. आपल्याकडे जांभ्याच्या जमिनीत अर्थपिट मे महिन्यात कोरडी ठाक पडते आणि दोन इमारतींच्या अर्थमध्ये फरक दिसू लागतो. म्हणून कम्युनिकेशनच्या सिग्नल ग्राउंडसाठी केबलमधली तिसरी वायर वापरावी, शील्डवर ते काम ढकलू नये. पॅनेल दूरदूरच्या इमारतींत असतील तर मधे आयसोलेटेड रिपीटर (दोन्ही बाजूंची विजेची जोडणी वेगळी ठेवून सिग्नल पुढे देणारे उपकरण) टाकणे हा थोडा खर्चाचा पण कायमचा उपाय आहे.

ज्यांची लाइन पहिल्या दिवसापासून बोललेलीच नाही त्यांचे दुखणे वेगळे असते आणि बहुधा सोपे असते. ए आणि बी या नावांवर विश्वास ठेवू नये. मानकात एक अर्थ आहे आणि अनेक चिप बनवणाऱ्यांनी नेमका उलटा अर्थ घेतला आहे, त्यामुळे एका टोकाला अदलाबदल करून पाहावी, त्याने काही जळत नाही. सेटिंग बदलल्यावर ड्राइव्हचा पुरवठा पूर्ण बंद करून चालू करावा, कारण कित्येक ड्राइव्ह नवा बॉड रेट तेव्हाच स्वीकारतात. बदललेला ड्राइव्ह फॅक्टरीतून बहुधा १ नंबर घेऊन येतो आणि लाइनवर आधीच असलेल्या १ नंबराशी भांडतो. वाचता येते पण मोटर सुरू होत नसेल तर वायरीला दोष देऊ नये. चालू-बंद आदेश कोठून घ्यायचा आणि फ्रिक्वेन्सी कोठून घ्यायची ही दोन वेगळी पॅरामीटर असतात आणि त्यांतले एक अजून कीपॅडवर राहिलेले असते.

रजिस्टर नंबराचा घोळ मात्र थोडा समजून घ्यावा लागतो. आमच्या ड्राइव्हला सेट आणि आउटपुट फ्रिक्वेन्सी विचारणारी फ्रेम अशी आहे:

०१ ०३ २१ ०२ ०० ०२ ६एफ एफ७

स्टेशन १, वाचण्याचा आदेश ०३, हेक्समधील (सोळाच्या पायावरच्या अंकांतील) २१०२ पासून, दोन रजिस्टरे, आणि शेवटी सीआरसीचे दोन बाइट, त्यांतला खालचा आधी. उत्तरात १३ ८८ आले तर ते दशमान ५०००, म्हणजे ५०.०० हर्ट्झ. हेक्स २१०२ म्हणजे दशमान ८४५०, पण जे पीएलसी ४०००१ पासून मोजतात त्यांत तेच रजिस्टर ४८४५१ असे लिहावे लागते. एकाने चुकले तर कधी शेजारच्या रजिस्टराचा आकडा येतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही, तर कधी उत्तर ०१ ८३ ०२ असे सुरू होते. ८३ म्हणजे ०३ चाच वरचा बिट लावलेला नकार, आणि ०२ म्हणजे असे रजिस्टर माझ्याकडे नाही.

दोन धोके सांगून ठेवतो, कारण दोन्हींत महागडे नुकसान झालेले मी पाहिले आहे. कम्युनिकेशन केबलला मेगर (मोठ्या व्होल्टेजने इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावायचाच असेल तर दोन्ही टोके आणि मधले सगळे ड्राइव्ह सोडवूनच लावावा. ५०० व्होल्टचा एक झटका लाइनवरच्या सगळ्या पोर्टांना एकदम पुरतो. आणि ड्राइव्हवरचा आरजे-४५ पोर्ट लॅनच्या पोर्टासारखा दिसला तरी अनेकदा त्यात कीपॅडसाठीचा पुरवठा असतो, म्हणून तेथून लॅपटॉपच्या लॅन पोर्टात वायर कधीही घालू नये.

प्रोग्राममध्ये शेवटी एवढेच बदलले: टाइमआउट ३०० वरून १०० मिलिसेकंद केला, सलग तीन संदेशांना उत्तर न देणारे स्टेशन बाजूला काढून त्याला दर दहा सेकंदांनी एकदाच विचारायला सुरुवात केली, आणि ड्राइव्हमधली वाट पाहण्याची मर्यादा दोनवरून पाच सेकंद केली. ती मर्यादा शून्य करून टाकावी, म्हणजे कटकट मिटेल, असा आग्रह कारखान्यातून झाला होता. तो मी मानला नाही. पीएलसी बंद पडल्यावरही शेवटच्या आदेशाप्रमाणे फिरत राहणारा बॉयलरचा पंखा मला नको आहे, आणि आपत्कालीन थांब्याचे बटण तर या लाइनवर मुळीच अवलंबून नाही. त्याची वायर सरळ ड्राइव्हच्या टर्मिनलवर जाते.

यंदा चतुर्थीला कारखाना पाच दिवस बंद होता. पूर्वी अशा सुटीनंतरची पहिली सकाळ हमखास कार्ड मागायची, कारण मुख्य पुरवठा बंद केल्याने पॅनेल थंड पडून आत दमट होत असे. या वेळी पॅनेलचा छोटा हीटर वेगळ्या एमसीबीवर घेऊन सुटीभर चालू ठेवायला सांगितले होते. सहाव्या दिवशी सकाळी साडेसात वाजता काकांनी स्वतःच स्क्रीनवरचे काउंटर वाचून फोनवर सांगितले: स्टेशन ५ वर शून्य, स्टेशन ४ वर दोन, आणि त्या दोन्हींची वेळ ७ वाजून ४ मिनिटे, म्हणजे त्यांनी शेडमधला मुख्य स्विच वर केला तेव्हाची. जादा मागवलेले कार्ड अजून खोक्यातच आहे.